सागरेश्वरात डिस्टिंक्शन, मायणीत काठावर पास: निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२

दुकानात दुर्बीण हातात दिली की समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला लावतात. पाटी कुठल्याही दुर्बिणीतून वाचता येते. ती हलत नाही, फांदीआड जात नाही आणि मागून ऊन आलं म्हणून काळी पडत नाही. त्यामुळे निकॉनच्या प्रोस्टाफ पी३ ८×४२ चं हे परीक्षण सातारा-सांगलीतल्या दोन जागा डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे. एक कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या सीमेवरचं सागरेश्वर अभयारण्य, दुसरी खटाव तालुक्यातला मायणीचा तलाव. सागरेश्वरात झुडपी रान, पक्षी पाच ते तीस मीटरवर, सावलीत आणि एका जागी न टिकणारा. मायणीत उघडं पाणी, पक्षी दोनशे ते चारशे मीटरवर, उन्हात, पण तासभर तिथेच. दोन्हीकडे एकाच दुर्बिणीत भागेल का? सागरेश्वरात अगदी झकास भागतं. मायणीत निम्मंच.

आधी आकडे. ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतं. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढे मिलिमीटर रुंद असतो, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. पहाटेच्या अंधुक उजेडात बाहुली साधारण तेवढीच उघडते, म्हणजे आलेला प्रकाश वाया जात नाही. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये हाच आकडा ३ च्या आसपास येतो, आणि झाडाखालचा पक्षी त्यातून नुसता काळा ठिपका दिसतो. पी३ चं वजन ५७५ ग्रॅम. फील्ड ७.२ अंश, म्हणजे हजार मीटरवर १२६ मीटर रुंदीचा पट्टा, आणि वीस मीटरवरच्या बोरीचा अडीच मीटर भाग एका नजरेत. सगळ्यात जवळचा फोकस ३ मीटर. आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसताना डोळा मागच्या भिंगापासून किती लांब राहू शकतो ते अंतर, २०.२ मिलिमीटर; चष्मेवाल्यांना पूर्ण गोल चित्र दिसण्यासाठी हे भरपूर आहे. आत नायट्रोजन भरलेला आहे, त्यामुळे थंडीत गाडीतून बाहेर पडल्यावर आतून वाफ धरत नाही. बाहेरून धरतेच, तिला दोन मिनिटं वारा लागू द्यावा. किमतीचा आकडा मुद्दाम दिलेला नाही, सणासुदीच्या सवलतींत तो फार हलतो. निकॉनच्याच मोनार्क एम५ पेक्षा ही स्वस्त पडते, इतकं खरेदीला पुरे.

खोक्यातून काढून थेट पक्ष्याला लावली तर निम्म्या लोकांना ती 'डोळे दुखवते'. दोष दुर्बिणीचा नसतो, जुळवणी झालेली नसते. अभयारण्याच्या फाटकाशी नियमांचा मोठा फलक असतो, तो तीस-चाळीस पावलांवरून घ्या. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत बिजागरी फिरवा. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप पूर्ण खाली, नसेल तर वर. चष्मा नसताना कप खाली राहिले तर चित्रात काळ्या चंद्रकोरी नाचतात; लांब आय रिलीफच्या प्रत्येक दुर्बिणीत हे होतं. मग उजव्या पुढच्या भिंगावर झाकण ठेवा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला फलकावरची अक्षरं स्वच्छ करा. आता झाकण डाव्या भिंगावर, आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजवीकडचं डायॉप्टरचं (दोन डोळ्यांतला फरक जुळवणारं) कडं फिरवून अक्षरं पुन्हा स्वच्छ करा. डोळा मिटून हे करू नका. एक डोळा मिटला की दुसराही आक्रसतो आणि जुळवणी चुकते. निकॉनच्याच महागड्या प्रोस्टाफ पी७ मध्ये या कड्याला लॉक आहे, पी३ मध्ये तो नाही. पिशवीतून काढता-घालताना कडं सरकतं आणि दिवसभर चित्र किंचित पुसट दिसत राहतं. त्यावर उपाय फुकटचा आहे: योग्य जागी नेलपॉलिशचा एक ठिपका कड्यावर आणि एक नळीवर. ठिपके समोरासमोर आहेत ना, एवढं सकाळी बघायचं.

आता सागरेश्वर. १९८५ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर झाडं लावून ते उभं राहिलं, चितळ, सांबर, काळवीट इथे आणून सोडले गेले आणि भोवती कुंपण आलं. चितळं बघायला दुर्बीण लागत नाही, ती रस्त्यालगतच उभी असतात. दुर्बीण लागते ती खैर, बाभूळ, कडुलिंबाच्या गर्दीत हिवाळ्याला आलेल्या दहा सेंटिमीटरच्या पाहुण्यांसाठी. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत हे पाहुणे इथे असतात.

त्यातला हिरवट वटवट्या ही कुठल्याही दुर्बिणीची खरी तोंडी परीक्षा आहे. वजन सात-आठ ग्रॅम, हिमालय आणि मध्य आशियातून आलेला, रंग पानाचाच, आणि एका फांदीवर दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. तो ओळखायचा तर डोळ्यावरची लांब फिकट भुवई आणि पंखावरची एक बारीक फिकट रेघ दिसली पाहिजे. पी३ इथे चांगली चालते आणि त्याचं कारण तिचं फील्ड. अडीच मीटरच्या पट्ट्यात पक्षी उडाला तरी चौकटीतच राहतो. हीच रेघ एम५ मधून जास्त धारदार दिसते, पण तिचं फील्ड ६.४ अंशाचं, म्हणजे वीस मीटरवर सव्वादोन मीटर. कागदावर फरक किरकोळ वाटतो. वटवट्याच्या मागे लागल्यावर तो किरकोळ राहत नाही. पी३ च्या कडेचं चित्र थोडं मऊ आहे हे खरं, पण वटवट्या मधोमध धरायचा असतो, कडेला नाही.

दुसरी परीक्षा लाल छातीच्या माशीमाराची. सावलीत, आठ-दहा मीटरवर, खालच्या फांदीवर बसून शेपटी वर उचलणारा. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसलं की माशीमार हे नक्की. पण त्याचा तैगा नावाचा सख्खा चुलतभाऊ आहे. त्याची चोच पूर्ण काळी आणि शेपटीचं बूड वरून झाकणारी पिसं शेपटीहूनही गडद, तर लाल छातीच्याच्या खालच्या चोचीचं बूड फिकट. चोचीच्या बुडाचा रंग हा मिलिमीटरांचा मामला. पी३ मधून दहा मीटरवर, सकाळी आठनंतरच्या उजेडात तो कळतो. त्याआधी गर्द सावलीत रंग राखाडीकडे झुकतात. प्रिझमवर चांदीच्या मिश्रधातूचा लेप आहे, भिंगांवर अनेक थरांचं कोटिंग आहे, पण पी७ मध्ये असलेलं फेज करेक्शन (प्रिझममध्ये विस्कटलेल्या प्रकाशलहरी जुळवणारा लेप) पी३ च्या तपशिलात नाही, आणि एम५ सारखी ईडी काचही (कडेला रंगांची फूट कमी करणारी) नाही. फरक अशाच सावलीत जाणवतो. उजेड चढला की तिघींत डावं-उजवं करणं अवघड.

थिरथिरा आणि गप्पीदास हे पेपरातले सोपे प्रश्न. थिरथिरा शेपटी थरथरवतो म्हणून ते नाव. दगडावर बसून तो स्वतःच जाहिरात करतो. उघड्या कातळावर दिसणारा निळा कस्तुर लांबून काळाच वाटतो. त्याचा निळा दिसायला सूर्य तुमच्या पाठीशी लागतो, दुर्बीण कितीही भारी असली तरी.

फोकसचं एक तंत्र इथे लागू पडतं. वाटेने चालताना चाक अनंतावर ठेवू नका. दहा मीटरवरच्या खोडावर फोकस करून ठेवा. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हटवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, मान खाली घालून दुर्बीण शोधायची नाही. मग चाकाला पाव फेऱ्याचंच काम उरतं. अनंतापासून सुरुवात केली तर चाक फिरेपर्यंत पक्षी शेजारच्या ताकारी गावाला पोचलेला असतो.

३ मीटरचा जवळचा फोकस ही पी३ ची सागरेश्वरातली खरी उणीव. वनखात्याच्या पाणवठ्यांपाशी ओल्या मातीवर फुलपाखरं बसतात, पायाशी चतुर बसतात. पी३ ला त्यांच्यापासून एक पाऊल मागे यावं लागतं, आणि मागे सरकताना वाळका पाला वाजतो. फुलपाखरांचाही नाद असेल तर २ मीटरवर फोकस होणारी मोनार्क एम७ बघा. तिचं फील्डही ८.३ अंशाचं आहे, आणि खिशाला भोकही त्याच मापाचं.

हे झालं हिवाळ्याचं. पावसाच्या तोंडावर चातक आणि नवरंग येतात तेव्हा उजेड ढगाळ असतो आणि ५.२५ चा झोत कामाला येतो. चातक पांढऱ्या आभाळासमोर तारेवर बसला की मात्र त्याच्या कडेला जांभळट रेघ दिसते. ईडी काच नसण्याचा हा परिणाम. ओळख चुकत नाही, डोळ्याला खुपतं इतकंच.

तिथून मायणीला गेलं की दुर्बिणीचं सगळं गणित बदलतं. ब्रिटिश काळात चांद नदीवर बांधलेला हा तलाव. मायणीसह परिसरातल्या तलावांना २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, येरळा नदीवरचा येरळवाडीचा जलाशयही त्यात आहे. नव्याने जाणारा माणूस हमखास 'फ्लेमिंगो आहेत का' असं विचारतो. फ्लेमिंगो म्हणजे रोहित उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खातो. तलाव तुडुंब भरलेला असेल तर त्याच्या पायाला तळच लागत नाही, मग तो उतरेल कशाला? कोरडा पडला तर खाणंच उरत नाही. गाळाचा उथळ पट्टा उघडा पडतो तेवढ्याच दिवसांत त्याची आशा धरायची. शेकाट्या, तुतारी, कंठेरी चिखल्या यांचंही तेच. पाणी भरपूर असेल तर दिवस बदकांचा. निघण्याआधी पाण्याची पातळी विचारून घ्या.

बदकं काठापासून लांब, मध्यावर थवा करून बसतात. आठपटीचा हिशेब सरळ आहे: ४०० मीटरवरचं बदक ५० मीटरवर असल्यासारखं दिसतं. ५० मीटरवरून नुसत्या डोळ्यांनी काय ओळखता येतं, तेवढंच पी३ मधून ४०० मीटरवर ओळखता येईल. चक्रवाक ओळखता येतो, त्याचा नारिंगी रंग लपत नाही. थापट्याची फावड्यासारखी चोच आणि नर तलवार बदकाची लांब शेपटी कळते. वारकरी पांढऱ्या टिळ्यावरून कळतो. पट्टकदंब हंसाच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दीडशे-दोनशे मीटरपर्यंत, हात स्थिर असेल तर, सुटे दिसतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून हा हंस इथवर येतो. पट्टे न मोजता त्याला 'कसलंसं बदक' म्हणून सोडून देणं बरं नव्हे.

अडतं ते माद्यांपाशी. चक्रांग आणि भुवई बदक यांच्या माद्या दोन्ही लहान आणि ठिपकेदार तपकिरी. भुवई बदकाच्या मादीची भुवई ठळक आणि चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका असतो. ३०० मीटरवर आठपटीतून हा ठिपका दिसत नाही. ज्यांना तो दिसतो, ते नर शेजारी पाहून ओळखत असतात. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं साधारण चाळीस मीटरपर्यंत स्पष्ट कळतं, आणि राखीव क्षेत्रात त्याहून जवळ जाण्याचा हट्ट धरला की अख्खा थवा उठतो. लांबून उडत आलेल्या पक्ष्याने साठवलेली चरबी आपल्या फोटोपायी खर्च करायची का, याचा विचार चिखलात पाय टाकण्याआधी करावा.

वेळ आणि ऊन सांभाळलं तर पी३ मधून इथे बरंच वसूल होतं. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास वर येतो. तेव्हा पाण्यावर धुकं असतं आणि त्याला कुठलीच काच भेदत नाही. साडेसात-आठ ते दहा हा कामाचा वेळ. सकाळी तलावाच्या पूर्वेच्या अंगाला उभं राहून पश्चिमेकडे पाहायचं, संध्याकाळी उलट. सूर्याच्या दिशेने पाहिलं की पी३ च्या चित्रावर दुधाळ पडदा येतो आणि सगळी बदकं काळी होतात. दहा-साडेदहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. लोकांना वाटतं फोकस गेला, आणि ते चाक फिरवत बसतात. हवा हलत असते, चाकाचा काही उपयोग नसतो. वाढीव पटीची दुर्बीण त्या वेळी आणखी वाईट दिसते, कारण ती थरथरही वाढवून दाखवते. तेव्हा तलाव सोडून माळाकडे आणि शाळूच्या रानाकडे वळावं. कणसं भरली की भोरड्यांचे थवे तिथेच उतरतात, राखणदाराच्या गोफणीबरोबर उठतात आणि पुन्हा बसतात. माळावरून खालून-खालून तरंगत जाणारे भोवत्येही तिथेच दिसतात. उडत्या थव्यासाठी आठपट आणि ७.२ अंश ही जोडी चांगली.

'मग १०×४२ च घेऊ का?' मायणीहून परतलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हेच येतं. पी३ ची १०×४२ आवृत्ती वजनाला तेवढीच आहे आणि तिचं फील्डही ७ अंश, म्हणजे त्या बाबतीत फारसं गमावत नाही. पण झोत ४.२ मिलिमीटरवर येतो, आय रिलीफ १५.७ वर, आणि हाताचा कंप दहापट दिसतो. फोकसची खोलीही (चाक न फिरवता जेवढं पुढे-मागे स्वच्छ दिसतं ती) आठपटीच्या साधारण दोन-तृतीयांश राहते, त्यामुळे सागरेश्वरात चाक जास्त फिरवावं लागतं. मायणीत मिळतं काय? ४०० मीटर ५० ऐवजी ४० मीटर होतात, पण मादीच्या चोचीचा ठिपका तरीही दिसत नाही. सौदा तोट्याचा.

आणि '१०-३०×५०' अशी झूमवाली, लालभडक भिंगांची दुर्बीण जत्रेत मिळो की मोबाइलवर, तिच्या वाटेला जाऊ नये. लाल चमक लाल प्रकाश परतवून लावते, त्यामुळे चित्र हिरवट होतं आणि चक्रवाकाचा नारिंगी मातकट दिसतो. झूम केल्यावर दोन्ही नळ्यांची जुळणी ढळते, मेंदू दोन चित्रं एक करण्यात दमतो आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. कुठलीही दुर्बीण विकत घेताना ही जुळणी दुकानातच तपासा: गच्चीचा कठडा किंवा विजेची आडवी तार पाहत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर लांब न्या. दोन वर्तुळांत तार एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकीकडे वर, दुसरीकडे खाली दिसली तर तो नग परत करा. चांगल्या कंपनीच्या दुर्बिणीतही वाहतुकीत धक्का बसून असा नग निघू शकतो, म्हणून बिल आणि खोकं जपून ठेवावं.

खोक्यातला पट्टा चालतो, पण लांबी छातीच्या हाडापर्यंतच ठेवा. पोटावर लोंबणारी दुर्बीण वाकताना दगडावर आपटते. ५७५ ग्रॅम आकड्यात हलके. चार तास मानेवर घेतले की जड. दोन्ही खांद्यांवरून जाणारा हार्नेस वेगळा घेतला तर मान वाचते.

धूळ हा खटाव-माणकडचा मुख्य शत्रू. भिंगावरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसली की त्यातले वाळूचे कण कोटिंगवर घासतात, आणि ते ओरखडे कायमचे. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, उरलाच तर शेवटी मायक्रोफायबरच्या कापडाने, मधून बाहेर, न दाबता. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे बारीक थेंब सुकून डाग पडतात. कोयना, पाटण, महाबळेश्वरकडे राहत असाल तर पावसाळ्यात बुरशीची काळजी घ्या. आतल्या नायट्रोजनचा बाहेरच्या काचेला उपयोग नसतो, आणि कापडी किंवा चामडी पिशवी ओल धरून ठेवते. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल, दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करायचे. कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलेली दुर्बीण दिवाळीत काढली की भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. ती बुरशीच, आणि ती कोटिंगही खाते.

मायणीचा उरलेला निम्मा पेपर सोडवायला स्पॉटिंग स्कोप लागतो: पुढचं भिंग ६५ ते ८० मिलिमीटर, २० ते ६० पट, खाली दणकट तिपाई. ३० पटीत ३०० मीटरवरचं बदक दहा मीटरवर येतं आणि मादीच्या चोचीचा ठिपका समोर उभा राहतो. ६० पट बहुतेक वेळा खोक्यावरच शोभते, थरथरत्या हवेत तिचा उपयोग नाही. एकट्याला हा खर्च जड जातो. चार-पाच जणांच्या गटाने वर्गणीतून एक घ्यावा, आणि तिपाईत काटकसर करू नये. हलक्या तिपाईवर माळावरचा वारा स्कोपला ताप चढल्यासारखा हलवतो. स्कोप आला तरी पी३ गळ्यातच हवी. ३० पटीच्या चिंचोळ्या चौकटीत थवा सापडत नाही, तो आधी आठपटीत धरायचा, काठावरच्या एखाद्या बाभळीची खूण लक्षात ठेवायची आणि मग स्कोप त्या खुणेवर आणून सरकवत न्यायचा.